कोवळ्या अपराध्याचा तपास

ह्या अंकासाठी एका माळकरी बंधूंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते छापीत नाही. ते पोलीस खात्यात आहेत आणि गेली काही वर्षे त्यांच्याकडे जिल्ह्याच्या बाल पोलीस पथकातले काम आहे. म्हणजे असे की, अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने चोरी केली, मारामारी केली, किंवा त्याहून भयंकर काही केले, की त्या प्रकरणाचा तपास ह्यांनी करावयाचा. पत्र लांबलचक आहे. त्यातली शंका थोडक्यात अशी : पोराला बोलते केले तर ते अडकते, बोलते नाही केले तर ज्याचे गेले त्याच्यावर अन्याय होतो. मी पोराचा पालक म्हणून उभा राहू, की फिर्यादीचा माणूस म्हणून? दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. गळ्यात माळ आहे, म्हणून तर रात्री झोप लागत नाही. हे काम सोडावे काय?

अशा पत्राला 'आपले कर्म करीत जा, फळ देवावर सोपवा' एवढे उत्तर धाडून मोकळे होता येते, आणि पुष्कळदा आपण तसेच करतो. परंतु ह्या बंधूंनी फळाविषयी विचारलेलेच नाही. त्यांनी कर्माविषयी विचारले आहे. समोर चौदा वर्षांचे पोर बसलेले आहे, त्याचे नाक वाहते आहे, आणि त्याला पहिला प्रश्न कोणता विचारावा हे त्यांना कळत नाही. तेव्हा उत्तरही तितक्याच जवळ जाऊन द्यावयास हवे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसतो. खेड्यापाड्यांत अजून 'रिमांड होम' हाच शब्द चालतो, आणि तो पोराला दटावण्यासाठीच वापरला जातो. लहान अपराध्यांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे ठेवावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा १८७६ सालचा आहे. मुलांसाठी स्वतंत्र कायदा मद्रासेत १९२० साली, बंगालात १९२२ साली व मुंबई इलाख्यात १९२४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर ह्या विषयावर १९८६ साली साऱ्या देशाचा मिळून कायदा झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक धरीत. २००० साली दोघांनाही अठरा वर्षे केली. आज चालतो तो २०१५ चा कायदा, आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

ह्या कायद्यात मुलाला गुन्हेगार म्हणत नाहीत, आरोपीही म्हणत नाहीत. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जरा जड आहे खरा. हवालदाराच्या जिभेला तो वळत नाही आणि पोराच्या आईला तो कळत नाही. पण त्यातला हेतू चांगला आहे : कायद्याशी ह्याची टक्कर झाली आहे, एवढेच तूर्त म्हणावे, पुढचे चौकशीनंतर. असे मूल सापडले की ते बाल पोलीस पथकाच्या किंवा त्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करावयाचे. कोठडीत घालावयाचे नाही, तुरुंगात तर नाहीच नाही. बेडी नाही, दोरी नाही. होता होईल तो अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत असावे. आईबापांना कळवावे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे. ह्या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्या दोघांपैकी एक स्त्री असावी लागते. गुन्हा भयंकर नसेल आणि त्यात कोणी मोठा माणूस सामील नसेल, तर रीतसर गुन्हा नोंदवावयाचाच नाही. स्टेशन डायरीत मजकूर लिहावयाचा आणि मुलाच्या घरादाराची माहिती एका ठरलेल्या नमुन्यात भरून मंडळाकडे द्यावयाची. आणि पत्रलेखक बंधूंच्या शंकेशी ज्याचा थेट संबंध आहे ते हे : मुलाकडून कबुली काढावयाची नाही, आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यावयाची नाही.

येथे कोणी म्हणेल, मग तपास कसला? हात बांधून पोहायला सांगितल्यासारखेच हे झाले!

ह्या आक्षेपाकडे वळण्याआधी महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची कथा आठवावी. कीर्तनांत ती ऐकलेली असते, पण तिचा उत्तरार्धच तेवढा आपल्या ध्यानात राहतो. मांडव्य आपल्या आश्रमाच्या दारी, झाडाखाली, हात वर करून मौनव्रताने उभे होते. चोर पळत आले आणि चोरीच्या मालासकट आश्रमात लपले. मागोमाग राजाचे शिपाई आले. त्यांनी विचारले, चोर कोणत्या वाटेने गेले? ऋषी बोलले नाहीत. शिपायांनी आश्रम धुंडाळला, चोर सापडले, माल सापडला. त्यांना संशय आला, त्यांनी ऋषींनाही बांधून राजापुढे नेले, आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविले. तपाच्या बळाने ऋषी मेले नाहीत. पुढे राजाला चूक कळली, त्याने क्षमा मागितली, सूळ काढू लागला तर निघेना, म्हणून तो कापला. टोक अंगात राहिले ते राहिलेच. मांडव्य धर्मराजाकडे गेले आणि विचारते झाले, माझ्या कोणत्या पापाचे हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. ऋषी संतापले. एवढ्या लहान अपराधाला एवढी मोठी शिक्षा? त्यांनी धर्मालाच शाप दिला की तू दासीच्या पोटी जन्माला येशील, आणि मर्यादा घालून दिली की येथून पुढे चौदाव्या वर्षापर्यंत केलेले कर्म पाप म्हणून मोजले जाणार नाही. तोच धर्म विदुर होऊन जन्मला. ज्या विदुराच्या घरच्या कण्या देवाने आवडीने खाल्ल्या, तो लहान पोराला मोठी शिक्षा देणारा न्यायाधीश होता, ही गोष्ट आपण विदुराच्या प्रेमापोटी विसरतो.

उत्तरार्धाचा अर्थ उघड आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. बाल न्यायाचा कायदा आपण इंग्रजांकडून शिकलो असे म्हणणाऱ्यांनी आदिपर्व पुन्हा वाचावे, एवढेच म्हणतो. पत्रलेखक बंधूंनी विचार करावा तो पूर्वार्धाचा. त्या शिपायांचे काय चुकले? ते लाचखाऊ नव्हते. त्यांनी ऋषींना मारहाण केली असेही कोठे सांगितलेले नाही. त्यांना मुद्देमाल सापडला, चोर जागेवर सापडले, आणि ज्याच्या आश्रमात हे सारे सापडले तो माणूस विचारल्यावर गप्प बसला. आजचा तपासी अंमलदार तरी ह्याहून वेगळे काय करता? चुकले ते एकच : हा गप्प का आहे, असे कोणी स्वतःला विचारले नाही. त्यांनी मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

पोराचे मौन तर ऋषीच्या मौनाहून अवघड. ते घाबरून गप्प बसते. मोठ्या भावाचे नाव सांगायचे नाही म्हणून गप्प बसते. ज्याने चोरायला धाडले तो बाहेर चहाच्या टपरीवर उभा आहे हे ठाऊक असते म्हणून गप्प बसते. कधी कधी तर विचारलेले शब्दच त्याला कळलेले नसतात. आणि मौनाच्या दुप्पट फसवे असते ते त्याचे बोलणे. कारण मूल प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते. शाळेत गुरुजींनी 'कोणी फळा पुसला?' असे डोळे वटारून विचारले की पुढच्या बाकावरचे एखादे भित्रे पोर 'मी' म्हणून मोकळे होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

परदेशातले एक उदाहरण येथे देतो, कारण तेथे हे सारे न्यायालयाच्या कागदांवर उतरले आहे. न्यूयॉर्क शहरातल्या मोठ्या बागेत १९८९ च्या एप्रिल महिन्यात एका तरुणीवर अत्याचार झाला व तिला मरणप्राय मारहाण झाली. शहर पेटले. पोलिसांनी चौदा ते सोळा वर्षांची पाच मुले धरली. तासन् तास विचारपूस झाल्यावर मुलांनी स्वतःला अडकवणारे जबाब दिले. त्या जबाबांत एकमेकांशी मेळ नव्हता, तरी १९९० साली त्यांना शिक्षा झाल्या आणि त्यांची कोवळी वर्षे कोंडवाड्यात गेली. पुढे दुसऱ्याच एका कैद्याने तो गुन्हा आपण केल्याचे सांगितले, शरीरद्रव्याच्या तपासणीत त्याचाच दाखला जुळला, आणि २००२ साली पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. आता हिशेब पहा. मुलांची वर्षे गेली. खरा अपराधी त्या वेळी सुटला. आणि त्या दुःखी तरुणीला बारा-तेरा वर्षे न्याय मिळाला असे वाटत राहिले, तो मिळालेलाच नव्हता. कबुली काढण्यात पोराचे नुकसान आणि फिर्यादीचा फायदा, अशी जी वाटणी पत्रात गृहीत धरली आहे, ती येथेच मोडते.

मोठ्या माणसानेही पोलिसापुढे दिलेली कबुली आपल्या देशात पुरावा म्हणून चालत नाही; हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यातही तो राहिला आहे. मुलाच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला, इतकेच. मग तपासी अंमलदाराला उरते काय? पुष्कळ उरते. पंचनामा उरतो, साक्षीदार उरतात, चोरीचा मोबाइल विकत घेणारा दुकानदार उरतो. त्या दुकानदाराला धरणे हे पोराला दमात घेण्याहून कष्टाचे काम आहे, कारण तो वकील आणतो, ओळखी सांगतो. पोर काहीच सांगत नाही. म्हणूनच जगात सगळीकडे तपास सोप्या बाजूने उतरतो, पाणी उतारावर जाते तसा.

परंतु खरी मेख ह्याहून खोल आहे, आणि ती पत्रातल्या एका वाक्यात आली आहे. हे बंधू लिहितात की, मी कधी मुलावर हात उचलत नाही. मी साध्या कपड्यांत जातो, त्याला 'बाळ' म्हणतो, चहा-बिस्किटे देतो, मग ते आपोआप बोलते. वाचताना प्रथम बरे वाटले. मग वाटले, थांबा. चहा आधी आणि प्रश्न नंतर, की प्रश्न आधी आणि चहा नंतर? आणि पोर बोललेच नाही, तर दुसऱ्या खेपेचा चहा मिळतो काय?

मारून काढलेली कबुली वाईट, हे सांगायला धर्मशास्त्र नको. पण गोड बोलून काढलेल्या कबुलीचे काय? आमच्या मते ती काही बाबतींत अधिक वाईट. मार खाल्लेल्या पोराला निदान कळते की हा माणूस आपला शत्रू आहे. ज्याला कोणी काका होऊन जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरविला, आणि मग त्याने सांगितलेले सारे लिहून मंडळापुढे ठेवले, ते पोर जन्मभर मायेच्या हाताला भिते. त्याच्या घरी माया नव्हती म्हणून तर ते पुष्कळदा रस्त्यावर आलेले असते. आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली माया गळाला लावलेल्या आमिषासारखी निघावी, ह्याहून मोठा अपराध कोणता? साधे कपडे घालायला कायद्याने सांगितले ते पोर भिऊ नये म्हणून सांगितले. पोर फसावे म्हणून नव्हे. एकाच सदऱ्याचे हे दोन उपयोग आहेत, आणि कोणता उपयोग चालू आहे हे घालणाऱ्यालाच ठाऊक.

मग पालक होऊ की फिर्यादीचा माणूस, ह्या प्रश्नाचे उत्तर काय? यशोदेकडे पहा. गोकुळातल्या गवळणी कृष्णाच्या तक्रारी घेऊन तिच्या दारात रोज उभ्या. ती पालकही होती आणि तिच्यापुढे फिर्यादही होती. तिने लेकराला विचारले, उखळालाही बांधले. पण त्याने खरे सांगितले काय किंवा खोटे सांगितले काय, संध्याकाळचे जेवण त्याला मिळणारच होते. ते जेवण उत्तरावर अवलंबून नव्हते. आता पोलीस म्हणजे यशोदा नव्हे, हे आम्हांला कळते. तो पगारी माणूस आहे, त्याला वरती कागद द्यावे लागतात. म्हणूनच त्याने यशोदेचे सोंग घेऊ नये. त्याने आधी सांगावे : 'मी पोलीस आहे. तू जे सांगशील ते मला मंडळापुढे सांगावे लागेल. तुला सांगायचे नसेल तर नको सांगू. तुझी आई येते आहे. तोवर तुला भूक लागली आहे का?' आणि मग ते बोलो वा न बोलो, खायला द्यावे, आणि आपणही त्याच्याबरोबर दोन घास खावे. एवढे केल्यावर जर पोर आपणहून काही बोलले, तर त्या बोलण्याचे ओझे मनावर घेण्याचे कारण नाही. नाही बोलले, तर तपासाच्या दुसऱ्या वाटा वर सांगितल्याच आहेत.

आता ज्याचे गेले त्याच्याविषयी. आपल्या सांप्रदायिक मंडळींत दयेवर बोलणारे फार. पण दया दुसऱ्याच्या कनवटीतून करू नये. बाजारात शेळी विकून आलेल्या विधवेचे पैसे पोराने लांबविले, आणि आपण 'लेकरू आहे, सोडून द्या' म्हणून मोकळे झालो, तर ती दया आपली नव्हे, ती त्या बाईच्या पैशांतून झाली. किरकोळ चोरीत पोराविरुद्ध रीतसर गुन्हा नोंदवावयाचा नाही, ह्याचा सोयीस्कर अर्थ काही ठिकाणी असा होतो की काहीच करावयाचे नाही. डायरीत दोन ओळी लिहिल्या, पोराला दम देऊन पिटाळले, बाईला सांगितले 'बघू'. ह्यात पोराचेही भले नाही. ज्याने त्याला धाडले तो उद्या पुन्हा धाडणार. बाईचे पैसे परत मिळविण्यासाठी जो माग काढावा लागतो, तोच माग त्या धाडणाऱ्यापर्यंत जातो. म्हणून फिर्यादीचे काम नीट करणे आणि पोराची पाठराखण करणे ही कामे वाटतात तितकी वेगळी नाहीत. हे सर्वच प्रकरणांत जमते असे आम्ही म्हणत नाही.

कारण काही प्रकरणे अशी असतात की तेथे सगळेच शब्द अपुरे पडतात. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर बसमध्ये जो अत्याचार झाला, त्यातील एक जण अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवून २०१५ च्या डिसेंबरात सोडले, आणि देशभर संताप झाला. त्याच महिन्यात संसदेने नवा कायदा संमत केला. त्याप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिशय घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने त्याची समज, त्याची ताकद व प्रसंगाची परिस्थिती तपासून, त्याला मोठ्यासारखे चालवावे की काय हे ठरवावयाचे असते. तरीसुद्धा त्याला फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही. ही रेघ बरोबर ओढली की चूक, ह्यावर शहाण्या माणसांत मतभेद आहेत. आमचे मत विचाराल तर, माणसाची समज सोळाव्या वाढदिवसाला उगवत नाही आणि अठराव्याला पिकत नाही. परंतु रेघ कोठे तरी ओढल्यावाचून राज्य चालत नाही, आणि एकदा ओढली की ती श्रीमंताच्या व गरिबाच्या पोराला सारखीच असावी.

हे शेवटचे मुद्दाम म्हटले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला, आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट त्यात होती म्हणून लोकांनी त्या मंडळाची टर उडविली. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना व मुलाच्या आईबापांना अटक झाली. निबंधावर आम्हांला हसू आले नाही. मुलाला सुधारण्याची संधी देणे हे कायद्याचे कामच आहे. डोके सुन्न झाले ते रक्ताच्या आरोपाने. चौकशीचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण खिसेकापू पोराचे रक्त कोणी कधी बदलायला जाईल काय? बाल न्यायात तपास करणाऱ्यावर खरी नजर ठेवावी लागते ती येथे. मुलाची कबुली नको, ह्याचा अर्थ पुरावाही नको असा नव्हे. उलट कबुली बाजूला ठेवली की नमुना, वेळ, नोंद, साक्ष ह्यांची किंमत दसपट वाढते, आणि त्यांना हात लावणारे लोकही दसपट होतात.

वर घरादाराच्या माहितीच्या नमुन्याचा उल्लेख केला. हा कागद पोलिसाने ठाण्यात बसून भरला तर अर्ध्या तासात होतो. पुष्कळ ठिकाणी तसाच होत असेल. बापाचा धंदा मजुरी, शाळा सोडल्याचे कारण गरिबी, संगत वाईट, संपले. आता हाच कागद घरी जाऊन भरला तर काय होते पहा. समजा, मुलगा बीडकडचा आहे. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला कारखान्याच्या फडावर जातात, ते उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत. पोर आजीपाशी. आजीला दिसत नाही. पोर शहरात मावसभावाकडे आले, मावसभावाने त्याला कामाला लावले, ते काम हे! बाल न्याय मंडळ जामीन द्यायला तयार असते. गुन्हा जामिनाचा असो वा नसो, मुलाला जामीन देणे हाच नियम आहे, आणि त्याला धोका असेल किंवा न्यायात विघ्न येईल अशी कारणे असतील तरच नाकारावयाचा. पण न्यायला येणार कोण? बाप कोणत्या फडावर आहे हे कोणाला ठाऊक नाही. म्हणून पोर निरीक्षणगृहात राहते. तेथे ते वयाने व करणीने मोठ्या मुलांपासून वेगळे ठेवावे असे कायद्यात लिहिलेले आहे, आणि जागा अपुरी पडली की काय होते ते आम्ही सांगायला नको. पत्रलेखक बंधूंनी एक फोन फिरवून मुकादमाचा माग काढला आणि बापाला फडावरून मंडळापुढे आणून उभे केले, तर हाही तपासच आहे. कदाचित साऱ्या प्रकरणातला हाच मोठा तपास.

वयाचेही असेच. मूल अठराच्या आत आहे की नाही, हे आधी शाळेच्या दाखल्यावरून किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरून, ते नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीच्या जन्मनोंदीवरून, आणि तेही नसेल तरच वैद्यकीय तपासणीवरून ठरते. आता शाळेतली तारीख! आपल्या दिंडीत एकदा मोजून पहा, किती माउलींचा जन्म १ जूनचा आहे. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना अंदाजाने लिहून टाकलेली तारीख. जुन्या पिढीत ह्याचे हसू होते. पण एखादे पोर अठराच्या काठावर असेल, तर गुरुजींच्या त्या अंदाजावर ते निरीक्षणगृहात जाते की तुरुंगात जाते हे ठरते. म्हणून आजही जे गुरुजी व ज्या बाई शाळेत नावे दाखल करतात, त्यांनी जन्माची नोंद मागून घ्यावी.

काम सोडावे काय, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर 'सोडू नये' असे आहे. कारण त्या खुर्चीवर कोणी तरी बसणारच, आणि ज्याला रात्री झोप लागते तो तेथे बसला तर पोरांचे काय होईल, ह्याचा विचार त्यांनीच करावा. आमच्या उत्तराने त्यांना झोप लागेल असे मात्र आम्ही लिहिणार नाही. काही प्रकरणांत त्यांनी सारे नीट केले तरी पोर बिघडेल, किंवा फिर्यादी रडत घरी जाईल, किंवा दोन्ही होईल. चौकशी संपून मुलगा सुटला आणि त्याने पुढचे आयुष्य नीट काढायचे ठरविले, तर त्याच्या जुन्या प्रकरणाचा कलंक नोकरीच्या आड येऊ नये अशी तरतूद कायद्यात आहे (मोठ्यासारख्या चालविलेल्या सोळा वर्षांवरच्या मुलाची गोष्ट वेगळी), आणि मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा छापण्यास तर सर्वांनाच बंदी आहे. पण गावाच्या जिभेला बंदी कोण घालणार? 'हा रिमांड होमातला' हे वाक्य गावात वर्षानुवर्षे फिरते, आणि ते फिरविणाऱ्यांत आपल्यासारखे टाळकरीही असतात.

पत्राच्या शेवटी ह्या बंधूंनी एक विनंती केली आहे, ती येथे छापतो. आषाढीच्या गर्दीत खिसा कापताना एखादे पोर सापडले की भोवतालची मंडळी त्याला आधी बडवून काढतात आणि मग पोलिसांच्या ताब्यात देतात. एरवी वाटेत भेटेल त्याला, अगदी बंदोबस्ताच्या शिपायालाही, आपण 'माउली' म्हणतो. त्या एका पोराला मात्र म्हणत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की, पोर सापडले तर त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, कोणीही त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवू नये, आणि जवळच्या पोलीस चौकीत निरोप धाडून 'बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला बोलवा' असे त्याच शब्दांत सांगावे. चुकलेले, हरवलेले मूल सापडले तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन दिवसरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. ज्यांचे पाकीट गेले असेल त्यांनी रागाने निघून न जाता चौकीवर आपले नाव, दिंडीचा क्रमांक आणि किती रक्कम गेली ते लिहवून घ्यावे, म्हणजे पैसे हाती लागले तर ते कोणाला द्यावयाचे हे कळते. दिंडीचालकांनी प्रस्थानाच्या दिवशी हा मजकूर सर्वांना वाचून दाखवावा.